टगबोटीचं तोंड

रुग्णालयातल्या एक्स-रे विभागातून निवृत्त झाल्यावर ताईने रिमोटवर चालणारी टगबोट बांधायला घेतली. मोठ्या जहाजांना ओढून धक्क्याला लावणारी ती बुटकी, दणकट बोट तिला लहानपणापासून आवडायची. लाकडी पट्ट्या, गोंद, मोटर, सगळा पसारा जेवणाच्या टेबलावर. नवरा बिचारा मांडीवर ताट घेऊन जेवायचा. शेवटी तिने बोटीला अगदी खऱ्यासारखा करडा रंग दिला आणि दोघं तळ्यावर गेले.

काठापासून जरा लांब गेली आणि बोट दिसेनाशी झाली. ताई मोटरच्या आवाजावरून अंदाजाने रिमोटच्या कांड्या हलवत राहिली. बोट लव्हाळ्यात शिरून अडकली. नवऱ्याला पँट दुमडून चिखलात उतरावं लागलं.

“पाण्याच्या रंगाची बोट पाण्यात सोडलीस. धन्य आहे तुझी!” तो बूट झटकत म्हणाला.

संध्याकाळी ताईचा धाकटा भाऊ रंगाचे डबे घेऊन हजर झाला. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा.

“पिवळा दे,” तो म्हणाला.

“तळ्यात पिवळी पानं पडलेली असतात.”

“पांढरा?”

“पाणी उन्हात चमकतं. पांढरं कुठे कळणार त्यात?”

“मग लाल.”

“ऊन उतरलं की काळा दिसतो.”

भावाने डबा आदळला. “तुला नक्की हवंय तरी काय?”

“दिसणारा रंग!”

“मग भगभगीत नारिंगी. वरपासून खालपर्यंत.”

“अरे, टगबोट आहे ती. गाजर नाही!”

“गाजर तर गाजर,” नवरा आतून ओरडला. “मी पुन्हा चिखलात जाणार नाही!”

ताईचा नाइलाज झाला. चार महिने जपून केलेली केबिन, धुराडं, कठडा, सगळं नारिंगी झालं.

पुढच्या रविवारी तिघं तळ्यावर गेले. बोट तळ्याच्या मध्यावर पोचली तरी ठळक दिसत होती. भाऊ खूश. “बघ! काय म्हणत होतो मी?”

ताईने बोट माघारी वळवायला घेतली. ती भलतीकडेच निघाली. डावीकडे कांडी सरकवली की उजवीकडे, उजवीकडे सरकवली की डावीकडे.

“अगं, इकडे आण!”

“आणतेय ना!”

“दिसत नाही का तुला?”

“दिसतेय रे! पण तोंड कुठलं आणि बूड कुठलं? सगळं तर नारिंगी केलंस!”

“दे इकडे!” भावाने रिमोट हिसकावला, आणि बोट थेट काठाच्या दगडी पायऱ्यांवर नेऊन आपटली. पुढची फळी तडकली. भाऊ कान चोळत म्हणाला, “खरंच कळत नाही गं.”

नवऱ्याला हसू आवरेना. ताईने एकदा रागाने त्याच्याकडे पाहिलं आणि बोट उचलली.

घरी तिने फळी सांधली. कोणाला काही न विचारता पुढचा अर्धा भाग काळा केला. मागचा नारिंगी राहू दिला. भाऊ दारातूनच म्हणाला, “शी! अर्धवट जळल्यासारखी दिसतेय.”

“दिसतेय ना? बस्स.”

त्याच्या पुढच्या रविवारी बोट पार पलीकडच्या काठाला जाऊन आली. वाटेत ताईने तिला दोनदा मुद्दाम गोल फिरवलं. प्रत्येक वेळी काळं तोंड कुठे वळतंय ते काठावरून स्वच्छ कळत होतं. भाऊ हात पुढे करून उभा होता. “आता मला दे की.”

“अजिबात नाही,” ताई म्हणाली, आणि तिने बोट पुन्हा पाण्यात लोटली.