भरल्या ओटीची सुट्टी

विचारून विचारून माझं तोंड दुखलं, पण भिमाजीशेठच्या तोंडातून 'हो' निघंना की 'नाय' निघंना. मी म्हणायची, "शेठ, मला सातवा लागलाय. बाळंतपणाला माहेरी जाईन आणि बाळानं जरा बाळसं धरलं की परत येईन. तेवढी माझी जागा राखा." तो कानात काडी घालून म्हणायचा, "बघू." अरे, काय बघू? पोट काय तुझ्यासाठी थांबून राहणार हाय?

जागा म्हणजे काय, तर विडीच्या वखारीत खिडकीखालची दोन हात भुई. मांडीवर सूप घ्यायचं, पान कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा. पण नाशकात वखारी थोड्या आणि बाया मोप. एकदा उठली ती उठलीच, पुन्हा कोण बसू देतंय! माझा नवरा देवळालीच्या कॅम्पात गोऱ्यांचं सामान उचलायचा, तेही काम असलं तर असलं. चूल माझ्या विड्यांवर पेटायची.

"मुंबईला गिरणीतल्या बायांना कायद्यानं सुट्टी मिळते म्हणे," मी एकदा बोलले.

"मग जा की मुंबईला," शेठ म्हणाला. मेल्याचा असा संताप आला मला!

आणि एका शनिवारी काम सुटताना शेठची बायको, बायडाबाई, स्वतः वखारीत आल्या. हातात ताट, ताटात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. "सिंधू, पदर पसर गं," म्हणाल्या. शेजारी बसणाऱ्या जैतुनबीनं मला कोपरानं ढोसलं. "घे, झालं तुझं काम! आमच्यातबी सातव्यात अशीच ओटी भरतात." मलाही तेच वाटलं. मालकीण ओटी भरते म्हणजे मालकानं हो म्हटलं, दुसरं काय? मला भरून आलं. वाकवत नव्हतं तरी मी बायडाबाईंच्या पाया पडले. शेठ दारातून म्हणाला, "सुखानं जा."

माहेरी जायला अजून अवकाश होता, म्हणून सोमवारी नेहमीसारखी कामावर गेले. खिडकीखाली दुसरीच बाई बसलेली.

"शेठ, ही कोण?"

"झुंबरबाई. नवीन ठेवलीय."

"माझ्या जागेवर? मग मी परत आल्यावर?"

"परत कशाला येतेस? पाठवणी केली ना तुझी. चारचौघींत खणानारळानं ओटी भरली. कोणता मालक करतो एवढं?"

माझ्या मस्तकात तिडीक गेली. सरळ 'नाय' म्हणाला असता तर मी भांडले असते, सगळ्या बायांना उठवलं असतं. पण त्याला पक्कं ठाऊक होतं, भरली ओटी कुठली सवाष्ण नाकारत नाय. मला कामावरून काढलं आणि वर पाया पडून घेतलं!

"लाज नाय वाटत? पोटुशा बाईला फसवता?" मी ओरडले. शेठ विड्यांची बंडलं रचत राहिला. बायांच्या माना खाली. जैतुनबी तेवढी बोलली, "हे बरं नाय, शेठ."

"तुलाही जायचंय का?" त्यानं विचारलं. तिनं सूप पुन्हा मांडीवर ओढलं. तिच्यावर काय रागवायचं? तिच्या घरी चार तोंडं खाणारी.

तेवढ्यात झुंबरबाईनं तोंडाला पदर लावला. एक उमासा दाबला, मग दुसरा. ओठ पांढरेफटक पडलेले, कपाळावर घाम. मी बघतच राहिले. तिसरा महिना असेल. घरी तरी सांगितलंय की नाय, देव जाणे. तिला कळलं, मला कळलंय ते. तिनं 'नको' म्हणून मान हलवली, इतकी बारीक की दुसऱ्या कोणाला दिसली नसती.

एक शब्द पुरे होता. शेठनं तिला आत्ताच्या आत्ता उठवलं असतं आणि खिडकीखालची भुई पुन्हा माझी झाली असती. निदान बाळंतपणापर्यंत तरी. शब्द अगदी ओठावर आला होता, खोटं कशाला बोलू?

"शेठ!"

त्यानं वर बघितलं. झुंबरबाईच्या हातातली कात्री थांबली.

"नव्या बाईला जरा पाणी द्या. तंबाखूची सवय नाय तिला."

एवढं बोलून मी पायऱ्या उतरले. गल्ली संपेपर्यंत शेठच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या, आणि उरलेल्या स्वतःला.