दोन रिळांमधील उजेड

सुज्ञ वाचकहो, एका पित्याने आपल्या कन्येचे वैगुण्य झाकण्याकरिता अंधाराचा आश्रय कसा घेतला, तो अंधार त्यास ऐन वेळी वारंवार कसा सोडून गेला, आणि त्या दुपारी त्याच्या काळजाची काय अवस्था झाली, याचा संपूर्ण वृत्तांत आता आपल्यापुढे यथामती सादर करीत आहे. तो आपण शांत चित्ताने वाचावा.

एकोणीसशे अडुसष्ट सालचा हिवाळा होता. काटोलचे संत्र्याचे बागाईतदार रुपराव चरडे यांची कन्या कौशल्या ही रूपाने व कामाने कोणासही पसंत पडावी अशी होती. परंतु लहानपणी गालफुगीचा ताप आला, त्यात तिचा डावा कान कायमचा गेला. उजव्या कानाने तिला शेजारच्या अंगणातील कुजबुजही ऐकू येई. डाव्या बाजूने मारलेली हाक मात्र भिंतीला मारल्यासारखी वाया जाई. पाहण्याच्या कार्यक्रमात डाव्या अंगाच्या पाहुण्याने काही विचारावे, कौशल्येने मान खाली घालून स्वस्थ बसावे, आणि आठवड्याच्या आत नकार यावा, असे वारंवार घडले होते. कान गेल्याची गोष्ट रुपरावांनी घरच्या माणसांखेरीज कोणापाशीही काढली नव्हती. पोरगी लाजाळू आहे, एवढेच ते म्हणत.

अशा स्थितीत त्यांची थोरली बहीण प्रयागबाई, जी नागपुरास महाल भागात राहत असे, तिने एक स्थळ आणले. मुलगा मार्तंड हा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होता. घरी त्याची विधवा आई यमुताई, एवढाच परिवार.

"घरी बसवून पोरगी पाहाची तऱ्हा जुनी झाली गा रुपा," प्रयागबाई म्हणाली. "आता सिनेमाले नेतात. दोन्हीकडचे संगं बसतात, पाहून घेतात. यमुताईच म्हनत होती."

"सिनेमात कोनी बोलत नाही ना, बाई?"

"अंधारात काय बोलतीन? सारे पडद्याकडे पाहतात."

हे ऐकताच रुपरावांच्या जिवात जीव आला. जेथे कोणी बोलत नाही, तेथे ऐकू न येण्याचा दोष कोणास दिसणार? त्यांनी तत्काळ होकार कळविला.

ठरल्या दिवशी बसमध्ये ते कन्येच्या उजव्या अंगाला बसले व हलक्या आवाजात म्हणाले, "कानाचं काही काढजो नको वं."

"लग्न झाल्यावर तं समजनच ना, बाबा?"

"मंग समजू दे. आंधी लग्न तं होऊ दे."

खिडकीबाहेर संत्र्याच्या बागा मागे पडत होत्या, तिकडे कौशल्या पाहत राहिली.

रंगविहार नाट्यगृह महालाच्या एका अरुंद गल्लीत होते. आजोबा-पणजोबांच्या काळी नाटकमंडळ्यांकरिता लोकवर्गणीतून ते उभारले गेले होते. रंगमंचाच्या लाकडी कमानीवर कोरलेले मोर होते, त्यांचे रंग उडाले होते. छताला गॅसबत्त्या टांगण्याच्या कड्या अद्याप लोंबत होत्या. नाटक नसेल त्या दिवशी रंगमंचावर पांढरा पडदा ताणून तेथे चित्रपट दाखवीत. खाली पुरुषांनी बसावे आणि वर, तिन्ही बाजूंनी फिरलेल्या सज्जात स्त्रियांनी बसावे, हा नाटकांच्या काळचा नियम अजूनही चालू होता.

प्रयागबाईने आधीच जाऊन जागा धरल्या होत्या. सज्जाच्या उजव्या हाताच्या भागात एका खांबाला लागून कौशल्येस बसविले. खांब तिच्या डाव्या अंगाला आला, म्हणजे त्या बाजूने कोणी बोलण्याचा प्रश्नच उरला नाही. उजवीकडे यमुताई बसल्या. रुपरावांनी खालून ही रचना पाहिली व मनोमन बहिणीचे आभार मानले. त्यांच्या शेजारी मार्तंड बसला होता. तोही मधूनमधून वर पाहत होता, परंतु सभ्यपणाने.

अंधार झाला. चित्रपट सुरू झाला. कोणीतरी कोणाचा तरी हरवलेला भाऊ होता, इतके रुपरावांना समजले. ते पाय पसरून किंचित सैल बसतात न बसतात तोच पडद्यावरील माणूस अर्ध्या वाक्यात नाहीसा झाला आणि सभागृहातील सर्व दिवे लागले. लोक मोठमोठ्याने बोलू लागले. शेंगदाणेवाला आत आला.

"हे काहून थांबलं?" रुपरावांनी दचकून विचारले.

"इथं एकच मशीन आहे, काकाजी," मार्तंड म्हणाला. "रीळ संपलं का दुसरं चढवा लागते. तंवर उजेड."

"अजून थांबते का?"

"थांबते ना! हरेक रिळाले थांबते. मले तं म्हनून हेच थेटर आवडते. मानसं दोन शब्द बोलतात तरी."

रुपरावांनी पाठ ताठ केली. त्यांनी वर पाहिले. सारा सज्जा चिमण्यांच्या थव्यासारखा बोलत होता. यमुताई काही विचारीत होत्या आणि कौशल्या मान वळवून नीट उत्तर देत होती. खांब होता, तोवर चिंता नव्हती. पुन्हा अंधार झाला तेव्हा त्यांनी सुस्कारा सोडला.

परंतु पुढच्या वेळी दिवे लागले तेव्हा ते जागेवरून अर्धवट उठले. जागा बदलल्या होत्या! यमुताई आता खांबाला पाठ टेकून बसल्या होत्या आणि कौशल्या त्यांच्या उजवीकडे सरकली होती. अर्थात यमुताई तिच्या डाव्या अंगाला आल्या होत्या. त्यांचे ओठ हलत होते. कौशल्या समोर रिकाम्या पडद्याकडे पाहत होती. यमुताई क्षणभर थांबल्या, पुन्हा बोलल्या. कौशल्येची मान हलली नाही. पलीकडे प्रयागबाई शेंगदाणे सोलीत एका ओळखीच्या बाईशी गप्पांत रंगून गेली होती. तिच्याकडे पाहून रुपरावांनी हातवारे केले, ते व्यर्थ गेले.

"काही पाहिजे का, काकाजी?"

"नाही, नाही. मच्छर."

अंधार होताच ते उठले आणि धडपडत जिन्यापाशी गेले. तेथे स्टुलावर एक दणकट बाई पहाऱ्याला बसली होती.

"वर बाप्ये नाही जात," ती म्हणाली.

"माह्या पोरीले एक गोष्ट सांगाची आहे."

"मले सांगा, मी सांगतो."

आता त्या बाईस काय सांगावे? जे काटोलात कोणाला सांगितले नाही, ते जिन्यावर कसे सांगावे?

"काही नाही... पानी पेली का, म्हना."

बाई वर गेली आणि सज्जाच्या दारातूनच ओरडली, "काटोलची पोरगी कोन आहे वं? तुहा बाप पानी पेली का म्हनून इचारून राहिला!"

सारा सज्जा खळखळून हसला. खालून कोणी म्हणाले, "मलेही पाज म्हना गा!" रुपराव अंधारात मान खाली घालून परत आले. मार्तंड हसला नाही, हे त्यांच्या ध्यानात आले. परंतु त्याचाही त्यांना त्या क्षणी त्रासच वाटला.

उरलेले रीळ त्यांनी पाहिले नाही. ते केवळ त्याच्या संपण्याची वाट पाहत होते आणि ते संपू नये असेही त्यांना वाटत होते. अखेर दिवे लागले. त्यांनी वर पाहिले.

कौशल्या यमुताईंकडे पूर्ण वळून बसली होती. तिने आपले बोट डाव्या कानाला लावले होते आणि ती बोलत होती, पुष्कळ वेळ बोलत होती. यमुताईंच्या चेहऱ्यावर हसू नव्हते.

संपले, असे रुपराव मनाशी म्हणाले. त्यानंतर किती वेळा दिवे लागले व गेले, ते त्यांना कळले नाही. त्यांनी पुन्हा वर पाहिले नाही. काटोलला जाऊन घरी काय सांगावे, याची वाक्ये ते मनात जुळवीत राहिले.

खेळ सुटला. बाहेर गल्लीत अजून ऊन होते. सायकलरिक्षांच्या घंटांतून वाट काढीत स्त्रिया जिना उतरून आल्या. यमुताई थेट रुपरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"काय हो भाऊ, पोरीले पानी पेली का म्हनून मानूस पाठवता, अन् जे सांगाचं ते सांगत नाही?"

रुपरावांनी नकळत हात जोडले.

"माही पाठ दुखते, म्हनून मी खांबाकडे सरकली. तिच्याशी बोलली, तं ही आपली पडद्याकडे पाहून राहिली! मले वाटलं, बागवाल्याची पोरगी, मोठी घमेंड आहे हिले. मी मनात नाही म्हनून टाकलं होतं, भाऊ. सरळ नाही." त्यांनी कौशल्येकडे पाहिले. "मंग तुमची हाक आली अन् सारे हसले. तवा हिनंच माहा हात धरला. म्हने, बाबाले माह्या कानाचा घोर लागला, म्हनून पान्याचं इचारून राहिले."

प्रयागबाई पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "मले काय मालूम, ह्या जागा बदलतीन म्हनून!"

"तुमी शेंगदाने खा," यमुताई म्हणाल्या. मग त्यांनी मुलाला जवळ बोलाविले. "मार्तंडा, हिले डाव्या कानानं ऐकू येत नाही. मले काही म्हनाचं नाही. तुले काय म्हनाचं ते म्हन."

मार्तंड कौशल्येच्या डाव्या अंगाला उभा होता. रुपरावांना वाटले, आता हा पायांकडे पाहील आणि घरी जाऊन कळवितो म्हणेल. ते शब्द त्यांनी पूर्वी ऐकलेले होते. मार्तंडाने खरोखरच क्षणभर खाली पाहिले. नंतर तो चालू लागला. प्रयागबाईच्या मागून वळसा घालून तो कौशल्येच्या उजव्या अंगाला येऊन उभा राहिला.

"घडीघडी थांबत होतं, त्याचा तरास नाही झाला ना तुमाले?" त्याने विचारले.

"नाही," कौशल्या म्हणाली. "थांबलं, म्हनून तं सांगता आलं."

यमुताईंनी रिक्षावाल्याला हात केला आणि सर्वांना चहाला घरी चालण्यास सांगितले. रुपराव मात्र नाट्यगृहाच्या ओट्यावर मटकन बसले. आपला घसा सकाळपासून कोरडा आहे, हे त्यांच्या तेव्हा लक्षात आले.

"बाबा," कौशल्या त्यांच्याजवळ येऊन म्हणाली, "तुमी पानी पेले का?"

वाचकहो, वृत्तांत येथे पूर्ण झाला. माझे शिक्षण अल्प आहे. भाषेत काही उणे राहिले असल्यास ते माझे समजावे. आपण आपला अमूल्य वेळ या लेखनास दिलात, त्याबद्दल मी आपला मनःपूर्वक आभारी आहे.

आपला नम्र,
चंपत लक्ष्मण रेवतकर
महाल, नागपूर