गोवर्धनची लाठी

मित्रांनो, मी बांबूची एक जुनी लाठी. सालेकसाच्या जंगलात वाढले आणि १९५१ साली आमगावच्या आखाड्यात आले. वस्ताद केवळरामांनी मला विस्तवावर शेकून सरळ केले, जवसाचे तेल पाजले आणि गोवर्धन नावाच्या तरुण शेतकऱ्याच्या हाती दिले.

गोवर्धन रोज सकाळी एकटाच मला फिरवी. डोक्यावरून, खांद्यावरून, पाठीमागून मी सूं सूं करीत फिरे. पोळ्याच्या सणाला तो खेळ दाखवी तेव्हा लोक टाळ्या पिटत आणि मी फुगून जाई. पण जोडीच्या सरावाला तो कधी उभा राहिला नाही.

"जोडीत कायले उतरू? माझी लाठी लागली त मरन कोणी," तो म्हणे.

"एकट्यानं फिरवून हाताले वाट समजते," वस्ताद म्हणत. "थांबाचं कुठं, ते समोरचा माणूसच शिकवते."

गोवर्धनने ते कधी मनावर घेतले नाही.

दोन वर्षांनी धानाच्या बांधीतले पाणी वळवण्यावरून शेजारच्या शालीकरामशी भांडण पेटले. शालीकराम कुऱ्हाडीचा दांडा घेऊन आला. गोवर्धनने मला पोळ्यासारखेच देखणे फिरवले. शालीकराम सरळ आत घुसला. पहिलाच घाव गोवर्धनच्या डाव्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मग गोवर्धनचे भानच सुटले. एका हाताने त्याने मला शालीकरामच्या गुडघ्यावर हाणले, बरगड्यांवर हाणले. शालीकराम चिखलात पडून "बस झालं रे!" ओरडत होता, तरी मी खाली येतच राहिले. माझ्या गाठी रक्ताने चिकट झाल्या. शेवटी गोवर्धनने त्याच्या डोक्यावर मला उगारले, तेव्हा वस्ताद धावत आले आणि त्यांनी मध्ये हात घातला. तो हात मी मोडला.

शालीकराम जगला, पण लंगडा झाला. वस्तादांचे उजवे मनगट वाकडेच राहिले. गोवर्धन कैद भोगून परतला, तो थेट आखाड्यात आला.

"वस्ताद, आता माझ्यासमोर कोण उभा राहीन?"

आखाड्यातली पोरे मागे सरली. वस्तादांनी डाव्या हातात दुसरी लाठी घेतली.

"मी राहतो. हळू मार."

गोवर्धनने कोपऱ्यातून मला उचलले. इतक्या हळू मला कधीच कोणी फिरवले नव्हते.

मित्रांनो, मला तेल लावा, वाळवीपासून जपा. पण माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या माणसाला त्याहून अधिक जपा.