क्षमा केलेली मुलगी

मेट्रनबाईंनी सव्वीस वर्षं डूख धरला होता आणि त्याची त्यांना अजिबात लाज वाटत नव्हती. एरवी बाई अगदी सरळ. वॉर्डात आरडाओरडा नाही, रविवारी चर्चमध्ये ठरलेला बाक, नवऱ्याच्या रटाळ मित्रांनाही वेळेवर चहा. पण रेव्हरंडचा विषय निघाला की त्यांच्या कपाळावरची शीर उडायची. रेव्हरंड म्हणजे त्यांच्या कॉलेजच्या दिवसांतल्या परदेशी मिशन दौऱ्याचा पुढारी. तेव्हा सगळे त्याला दादा म्हणत. आता तो मोठा पाळक झाला होता, पण मनातल्या मनात बाई त्याला अरेतुरेच करत.

दौऱ्यावर गेलेल्या आठ जणांचा मेळावा ठरला, चर्चच्या सभागृहात, सगळ्या मंडळीसमोर. आमंत्रणपत्रिकेवर छापलं होतं, ‘गोड आठवणींची साक्ष: मेट्रनबाई.’

"जाणार आहेस?" नवऱ्याने विचारलं.

"जाणार तर. गोड आठवणी सांगायच्यात ना."

"तुझा चेहरा काही गोड दिसत नाहीये."

"अहो, सव्वीस वर्षं मूग गिळून बसले. आता उट्टं काढणार. तुम्ही फक्त पुढच्या रांगेत बसा."

खरी चीड याची होती की आठवणी गोडच होत्या. एकोणीस वर्षांची नर्सिंगची पोरगी, पहिल्यांदा विमानात बसलेली. परक्या देशातलं डोंगरातलं ते मिशनचं हॉस्पिटल, एका न्हाणीघरासाठी चार मुलींची रांग, ट्रकच्या हौद्यात बसून घसा बसेपर्यंत म्हटलेली गीतं. आणि तिथली थोरली नर्स. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, तरी हातांनी दाखवून दाखवून तिने या पोरीला सगळं शिकवलं. सुई टोचताना बाळाचा पाय कसा धरायचा, आईला आधी कसं हसवायचं. आठवड्याभरात तिने लसींचा फ्रिज या पोरीच्या हवाली केला. सकाळ-संध्याकाळ तापमान बघून तक्त्यात लिहायचं. पोरगी इतकी मन लावून लिहायची की टोळक्याने तिचं नाव ‘थर्मामीटर’ ठेवलं. आयुष्यात कुणी पहिल्यांदाच तिच्यावर एवढा विश्वास टाकला होता.

एके दिवशी सकाळी ती तापमान बघायला गेली, तर फ्रिजची पिन जमिनीवर लोळत होती. भिंतीत तिच्या जागी कीबोर्डची पिन होती. आदल्या रात्री दादाने तिथे गाण्यांचा सराव केला होता आणि उठताना पिन परत लावायचं विसरला होता. फ्रिजमध्ये तापमान चौदा. लस आठच्या वर गेली की तिची खात्री उरत नाही. तेवढ्यात दादा आला. त्याने बघितलं, आपली पिन काढली, फ्रिजची लावली आणि म्हणाला, "घाबरू नकोस. मी बोलतो त्यांच्याशी."

पोरीने तक्त्यात चौदा लिहिलं. खोटं लिहायचं तिच्या डोक्यातही आलं नाही.

आणि दादा खरंच बोलला. त्या दिवशी डोंगर उतरून आलेल्या चाळीस आया, कडेवर पोरं, लस न घेता परत गेल्या. संध्याकाळच्या प्रार्थनेत दादा उभा राहिला. भरल्या गळ्याने म्हणाला, "आपल्या धाकट्या बहिणीच्या हातून आज मोठी चूक झाली. आपण तिला क्षमा करू या." सगळ्यांनी तिला मध्ये गुडघे टेकायला लावले, डोक्यावर हात ठेवले. डोक्यावर इतके हात असताना माणसाने बोलायचं कसं? ती वाट बघत राहिली की आता तो खरं सांगेल, आमेनच्या आधी तरी सांगेल. आमेन झालं. दुसऱ्या दिवशी थोरल्या नर्सने तक्ता भिंतीवरून काढला आणि दुसरीच्या हातात दिला.

तेवढ्यावर थांबला असता तरी बाईंनी गिळलं असतं. पण दादाला त्यात उपदेशासाठी फक्कड गोष्ट सापडली. गावोगावच्या मंडळ्यांत त्याने ती सांगितली. बाईंच्या लग्नात आशीर्वाद देताना सांगितली. नावानिशी नाही, पण वधूकडे बघून. बाई पुढे लसींच्या साठ्याच्या मुख्य झाल्या, शंभर जणींना फ्रिज सांभाळायला शिकवलं, तरी चर्चच्या दारात कुणी ना कुणी म्हणायचंच, "ती क्षमा केलेली मुलगी तुम्हीच ना?" बाईंच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यांना एकच हवं होतं. त्या दिवशी त्या जशा मुक्या झाल्या होत्या, तसं त्याने भरल्या सभेत एकदा तरी मुकं व्हावं.

मेळाव्याला सभागृह गच्च भरलं. रेव्हरंड खुर्चीत ऐसपैस बसला होता, पोटावर हात बांधून. बाई उभ्या राहिल्या. विमान सांगितलं, न्हाणीघर सांगितलं, लोक पोट धरून हसले. थोरल्या नर्सचं सांगताना त्यांचा आवाज खरोखरच ओला झाला. मग त्याच आवाजात त्यांनी ती सकाळ सांगितली. कुठली पिन जमिनीवर होती, कुठली भिंतीत होती, ती कुणी काढली आणि काय बोलून काढली. एक शब्द वाढवला नाही.

रेव्हरंडचा चेहरा पडला. बाईंना वाटलं, झालं आपलं काम.

पण तो मुरलेला माणूस. क्षणभरातच उठला, डोळे भरून घेतले, पुढे आला आणि सगळ्यांसमोर गुडघ्यांवर बसला. दोन्ही हात पसरले. "ताई," तो म्हणाला, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत नीट पोहोचेल असा लावला होता, "प्रभूने आज मला मोडलं. मला क्षमा कर." कुणीतरी हालेलुया म्हणालं. कोपऱ्यातला वाजवणारा कीबोर्डवर हळूच सूर धरू लागला. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. सगळे बाईंच्या हाताकडे बघत होते, आता तो त्याच्या डोक्यावर जाणार म्हणून.

बाईंनी त्याच्याकडे नीट बघितलं. त्यांना पुढचा रविवार लख्ख दिसला. त्याच्या पुढची सगळी वर्षं दिसली, ही नवी गोष्ट, गावोगाव, पहिलीपेक्षा रंगलेली.

"नाही करत," त्या म्हणाल्या.

सूर थांबला.

"देवाने करायची असेल तर करील, ते तुमचं तुम्ही बघून घ्या. मी करत नाही. जिथे जिथे माझी गोष्ट सांगितलीत, तिथे तिथे जाऊन आधी खरं सांगा. त्या डोंगरातल्या हॉस्पिटललाही लिहा. मग या माझ्याकडे, मी विचार करीन."

त्या जागेवर जाऊन बसल्या. नवऱ्याने त्यांचा हात घट्ट धरला. रेव्हरंड तसाच गुडघ्यांवर, हात पसरलेले, तोंड उघडं. इतक्या वर्षांच्या उपदेशांत त्याला अशा वेळचा एकही शब्द सापडेना. आमेन कुणी म्हणायचं, ते कुणालाच कळत नव्हतं. उट्टं काढल्यावर आपल्याला वाईट वाटेल, अशी बाईंना घरून निघताना धास्ती होती. त्यांनी मनात चाचपून बघितलं. अजिबात वाटत नव्हतं.