झिजलेलं पाऊल

वस्त्र कुठलंही असो, यामिनी ते आधी पालथं करून बघायची. पैठणी घ्यायला आलेली जाणती बाई दुकानदाराच्या गोड बोलण्याकडे काणाडोळा करून पदर उलटा करते ना, तसं. सुलटी बाजू लोकांना दाखवायची असते. काय झाकलंय ते उलट्या बाजूला कळतं. म्हणून सिडनीजवळच्या वॉलॉंगॉंगमधल्या एका जुन्या चर्चच्या हॉलमध्ये चौघांनी मिळून ती भलीमोठी टॅपेस्ट्री भिंतीवरून उतरवली, तेव्हा तिने पहिला हुकूम सोडला, "तोंड खाली."

मार्गारेट डॉयलबाईंना ते अजिबात रुचलं नाही. सत्तरी ओलांडलेल्या, ताठ कण्याच्या या बाई चर्चच्या कमिटीच्या सेक्रेटरी. मदर मेरीला पालथं झोपवायचं म्हणजे काय! पण यामिनीपुढे त्यांचं काही चालेना. जुनी वस्त्रं तपासणं आणि जतन करणं हा यामिनीचा व्यवसाय. सिडनीतल्या मोठमोठ्या म्युझियममध्ये तिचा शब्द शेवटचा मानत. आपल्याला आपलं काम येतं हे ती कधी लपवायची नाही. खोटा विनय तिला जमत नसे, आणि खरं सांगायचं तर शोभलाही नसता.

टॅपेस्ट्री चारशे वर्षांपूर्वीची, फ्लँडर्सची, म्हणजे आजच्या बेल्जियमकडची. रंगवलेली नव्हे, धाग्याधाग्याने विणलेली. राजाच्या भीतीने देश सोडून निघालेली मेरी सफरचंदाच्या झाडाखाली घटकाभर टेकली आहे, मांडीवर बाळ येशू, मागे म्हातारा जोसेफ आणि चरणारं गाढव. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा बिशपने ती इकडे आणली. पुष्कळ वर्षं ती चर्चमध्येच होती. मग चर्चला रंग द्यायचा म्हणून तात्पुरती हॉलमध्ये हलवली, आणि तात्पुरत्या सोयीचं जे होतं तेच झालं. ती तिथेच राहिली.

त्याच हॉलमध्ये मराठी मंडळाचा गणपती बसे आणि दर शनिवारी मुलांची मराठी शाळा भरे. आता टॅपेस्ट्री वरच्या बाजूने फाटल्यासारखी दिसत होती, काळवंडली होती, आणि डॉयलबाईंचं मत पक्कं होतं: हे सगळं मंडळाच्या उदबत्त्यांनी आणि डेकोरेशनच्या खिळ्यांनी केलं. गुरुवारी कमिटीची मीटिंग होती. यामिनीच्या रिपोर्टमध्ये मंडळाचा दोष निघाला, की हॉल बंद. गणपतीही गेला आणि शाळाही.

"मी पण मराठी आहे," यामिनीने पहिल्याच भेटीत त्यांना सांगून टाकलं होतं. "या मंडळाची मेंबर आहे. चालत नसेल तर दुसरं कुणी बघा. पण मी दिसेल तेच लिहिते."

"ते कळेलच," डॉयलबाई म्हणाल्या होत्या.

पालथ्या बाजूने यामिनीचा जीव सुखावला. मागे जाड सुती अस्तर होतं. ते सोडवलं तर खाली ऊन न लागलेले रंग जसेच्या तसे. मेरीचा झगा पुढून राखाडी झालेला, मागून मात्र मोरपिशी. "बाई गं, काय दिसत असशील!" ती मराठीत म्हणाली. डॉयलबाईंनी संशयाने तिच्याकडे पाहिलं.

मग तिने वरचा फाटका भाग बघितला आणि हसली. अशा विणकामात दोन रंग शेजारी आले की मध्ये फट राहते, ती नंतर सुईने शिवून टाकतात. ते टाके कुजले होते. वरून नुसते खिळे ठोकून टांगलेली ती टॅपेस्ट्री स्वतःच्याच वजनाने ओढली जाऊन फट उघडली होती. कापड फाटलं नव्हतं, शिवण उसवली होती. खिळे गंजून गेलेले, मंडळातली निम्मी माणसं जन्माला यायच्या आधीचे. आणि काजळी? ती डाव्या खालच्या कोपऱ्यातून पंख्यासारखी वर पसरली होती आणि हाताला मेणचट लागत होती. गणपती हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसायचा. टॅपेस्ट्री चर्चमध्ये असतानाच्या जुन्या फोटोत मात्र त्या कोपऱ्यापाशीच मेणबत्त्यांचा मोठा स्टँड दिसत होता.

"उदबत्ती निर्दोष," यामिनीने स्वतःशीच निकाल दिला.

दुपारी टॅपेस्ट्री सुलटी केली. चेहऱ्यांची दशा वाईट होती. चेहऱ्यांना रेशीम वापरलेलं, आणि रेशीम आधी जातं. गाढव साध्या लोकरीचं, ते ठणठणीत. देवमाणसं झिजलेली आणि गाढव धडधाकट हे पाहून यामिनीला तिच्या पहिल्या ऑफिसची आठवण झाली.

मग तिची नजर बाळाच्या पावलावर गेली. आईच्या मांडीवरून खाली लोंबणारं ते इवलंसं पाऊल जवळजवळ उरलंच नव्हतं. लोकर झिजून आतले पांढुरके धागे उघडे पडले होते, तळहाताएवढ्या जागेत. आणि त्या उघड्या धाग्यांत लाल पूड बसली होती.

तिने भिंग लावलं. कापसाच्या बोळ्यावर किंचित पूड घेतली, बाजूच्या टेबलावर नेऊन वर व्हिनेगरचा थेंब सोडला. लाल होतं ते पिवळं झालं. हळदीचं कुंकू, आणि चांगल्यापैकी, बाजारू रंगाचं नव्हे. यामिनीने भिंग खाली ठेवलं.

संध्याकाळी मंडळाचा अध्यक्ष अवधूत आला. हा पुण्याचा, आयटीतला, बोलायला लागला की थांबायचा नाही. सोबत त्याची आई, शांताकाकू, यामिनीसाठी डबा घेऊन.

"ताई, गुड न्यूज ना?"

"खिळे तुमचे नाहीत, धूर तुमचा नाही. पण हे बघ."

अवधूत वाकला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "हे कुंकू आहे? ओह नो. ताई, हे मेन्शन नको ना करूस. एवढासा तर स्पॉट आहे. तू क्लीन करून टाक. कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय."

"तू आपली आहेस ना पण!"

"आहे. आणि मी हे गाळलं, तर खिळे आणि मेणबत्त्यांबद्दल लिहिलेलं तरी कोण खरं मानेल? माझ्या रिपोर्टला किंमत आहे ती मी काही गाळत नाही म्हणून. माझ्या आडनावामुळे नाही."

"ते मी लावलंय," शांताकाकू म्हणाल्या.

दोघांनी वळून पाहिलं. काकूंनी डबा छातीशी धरला होता.

"आई!"

"आई काय? तू लेकीला, अनन्याला, इथे शाळेत सोडतोस आणि मित्रांबरोबर कॉफी प्यायला जातोस. मी इथे बसते. हेलेन्सबर्गच्या देवळात जायचं तर गाडी पाहिजे, गाडीला तू पाहिजेस आणि तुला वेळ पाहिजे. ही आपली समोर असायची. परक्या मुलखात निघालेली, मांडीवर एवढंसं पोर. तिचा धर्म कुठला ते मी नाही विचारलं, तिनेही मला विचारलं नाही. लेकुरवाळी आहे, एवढं दिसलं. कपाळापर्यंत हात पोचेना, मग बाळाच्या पायाला लावलं. दर शनिवारी." एवढं ठसक्यात बोलून झाल्यावर त्यांचा आवाज एकदम उतरला. "यामिनी, माझ्यापायी पोरांची शाळा जाणार का गं?"

यामिनीला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. तरी त्यापायी रिपोर्टमधला एक शब्दही बदलायचा नाही, हेही तितकंच पक्कं होतं.

"काकू, मी लिहिणार आहे," ती म्हणाली. "पण अर्धवट नाही लिहिणार. गुरुवारी तुम्ही या."

ते गेल्यावर ती पुन्हा त्या पावलावर वाकली. कुंकू नुसतं वरवर होतं, आणि बोटभर कुंकवाने लोकर अशी झिजत नाही. तिने दिवा तिरपा धरला आणि भिंगातून बराच वेळ पाहत राहिली. कुंकवाच्या खाली जुना तेलकट थर होता, माणसांच्या हातांचा. आणि त्या थरात, धाग्यांच्या बेचक्यात, लिपस्टिकचा गुलाबी अंश. यामिनीने तिथे उभ्या उभ्याच काकूंच्या डब्यातली एक पुरणपोळी संपवली. म्हणजे टेबलापासून लांब जाऊन. शिस्त ती शिस्त.

गुरुवारी कमिटी जमली. तिने खिळे दाखवले, उसवलेली शिवण दाखवली, मेणाची काजळी दाखवली. डॉयलबाईंचे ओठ प्रत्येक फोटोगणिक आवळत गेले. मग पडद्यावर ते पाऊल आलं.

"हे लाल काय आहे?" त्यांनी लगेच हेरलं.

"कुंकू. या शांताबाईंनी लावलंय. पूजा म्हणून."

खोलीत कुजबुज झाली. अवधूतने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे नुकसान यांनीच केलं," डॉयलबाई म्हणाल्या.

"कुंकू मी अर्ध्या दिवसात मऊ ब्रशने काढीन. पण हे पाऊल कुंकवाने गेलेलं नाही. ते त्याच्या कितीतरी आधी गेलंय. वर्षानुवर्षं बोटं लागली, ओठ लागले. खालच्या थरात हातांचं तेल आहे आणि लिपस्टिक आहे." यामिनीने पडद्यावरचा फोटो आणखी मोठा केला. "शांताबाई लिपस्टिक लावत नाहीत."

कुणीतरी हसलं. डॉयलबाई हसल्या नाहीत. त्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि हळूहळू त्यांचा ताठ कणा खुर्चीला टेकला.

"ती चर्चमध्ये होती तेव्हा आई मला उचलून धरायची," त्या म्हणाल्या. "पायाची पापी घे, मग परीक्षा चांगली जाते. नवऱ्याचं ऑपरेशन होतं तेव्हा मी एकटीच आले होते, इथे, या हॉलमध्ये. घाईत. त्या दिवशी लिपस्टिक होती मला."

ते वाचले का, हे विचारायचं कुणालाच धाडस झालं नाही. त्यांनी आपणहून मान हलवली, नाही म्हणून.

"काय म्हणतायत त्या?" शांताकाकूंनी हळूच विचारलं. यामिनीने सांगितलं. काकू उठल्या, टेबलाला वळसा घालून गेल्या आणि डॉयलबाईंच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या. काय बोलणार, आणि कुठल्या भाषेत?

डॉयलबाईंनी चष्मा पुसला. "हॉल चालू राहील," त्या म्हणाल्या. "आता टॅपेस्ट्रीचं काय करायचं ते सांगा."

यामिनीला आपली जमीन पुन्हा पायाखाली आल्यासारखं वाटलं. "शिवण परत घालायची. नवं अस्तर. खिळे काढून वर सलग पट्टी, म्हणजे वजन एका जागी येणार नाही. समोर कठडा. आणि यापुढे कुणीही हात लावायचा नाही. नो टचिंग."

"शक्य नाही!" डॉयलबाई म्हणाल्या.

"हे काय गं भलतंच?" शांताकाकू म्हणाल्या. तेवढं इंग्रजी त्यांना दुकानांतून फिरून चांगलं कळत होतं.

"हात लावायचा नाही तर ती टांगायची कशाला?" डॉयलबाईंनी विचारलं, आणि काकूंनी न कळताही जोराने मान डोलावली.

यामिनीच्या डोक्यात तिडीक गेली. इतकी वर्षं ती धागा धागा वाचवत आली, आणि या दोघी एका दिलाने उरलेलं पाऊल संपवायला निघाल्या होत्या! पण चिडलेली असतानाच तिला एक गोष्ट सुचली, आणि सुचलेलं बरोबर आहे हे तिला नेहमीसारखंच लगेच कळलं.

"काकू, देवळातली मूर्ती झिजायला लागली की काय करतात?"

"मूर्तीवरचा अभिषेक बंद करतात. पादुका ठेवतात पुढे. त्यांच्यावर करायचा."

यामिनीने ते इंग्रजीत सांगितलं. डॉयलबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "त्या पादुका बनवणार कोण?"

"मी," यामिनी म्हणाली. "माझ्याइतकं चांगलं इथे कुणाला येणार आहे?"

तिने ते पाऊल विणलं, इथल्याच मेंढ्यांच्या लोकरीचं. टॅपेस्ट्रीच्या पालथ्या बाजूला उरलेला गुलाबी रंग समोर ठेवून तिने लोकर रंगवली, म्हणून ते पाऊल चारशे वर्षांपूर्वी दिसत असेल तसं दिसलं, आत्ताच न्हाऊन निघाल्यासारखं. लाकडी फळीवर ताणून ते कठड्याला बसवलं, लहान मुलाचाही हात पोचेल असं. वर मेरी, खाली पाऊल.

वर्षभराने ती तपासणीला आली तेव्हा शनिवार होता. आतल्या खोलीत मुलं मराठीत पाढे म्हणत होती आणि मधेच इंग्रजीत भांडत होती. बाकावर डॉयलबाई आणि शांताकाकू मधे डबा ठेवून बसल्या होत्या. यामिनीने शिडीवर चढून मूळ टॅपेस्ट्री इंच इंच पाहिली. शिवण घट्ट, नवा डाग नाही, बाळाच्या पावलाचा एकही धागा आणखी गेलेला नाही.

मग ती खाली उतरून कठड्यापाशी आली. तिच्या सुंदर पावलाची पार रया गेली होती. अंगठ्यावर कुंकू, टाचेवर लिपस्टिक, मधल्या भागात कुणा पोराचे चिकट हात. लोकर फुलून आली होती आणि एका कडेने विरायला लागली होती.

"ताई, खराब झालं का गं?" मागून अवधूतने घाबरत विचारलं.

यामिनीने रिपोर्ट उघडला. टॅपेस्ट्रीपुढे लिहिलं, स्थिर. खालच्या ओळीत, पावलापुढे, तिने सावकाश लिहिलं: झीज सुरू झाली आहे. चालू ठेवावी.