उरलेल्या वेण्या

चर्चचे प्रचारक ब्याबातो यांनी साखर-साबणाची पिशवी शिलाई मशीनवर आणून ठेवली, तेव्हा कोकुशुबिरा ऊर्फ कोकू लग्नाच्या झग्याला मणी लावत होती. सुई तशीच बोटांत राहिली.

"तेओफिला आजींनी परत दिली, ताई. घरात साखर आहे म्हणाल्या."

बुकोबा शहराच्या बाजारात कोकूसारखी शिंपीण दुसरी नव्हती. चर्चचे नवे बाक तिच्या पैशांतून आले होते, छपराचे पत्रेही. अंथरुणाला खिळलेल्या आजींकडे दर गुरुवारी ती मोटारसायकलवाल्याबरोबर पिशवी धाडायची. रविवारीच ब्याबातो सांगत होते, स्वर्गात साठतं तेच खरं. तेव्हा कोकू बाकावर निश्चिंत बसली होती. काज करायला आजींनीच शिकवलं, हे मात्र तिला हल्ली क्वचित आठवायचं.

ब्याबातो गेल्यावर दोन मणी उलटे लागले. काढून पुन्हा लावले, तरी उलटेच. नवरी तीनला झगा घालून बघायला येणार होती. पाच मिनिटांत विचारून यायचं, असं स्वतःला बजावत कोकूने दुकान बंद केलं आणि सरोवराकडच्या उताराला लागली.

आजी भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. माझं काय चुकलं, असं कोकूने विचारलं तेव्हा तिचा आवाज चढलाच.

"तुझं नाही गं चुकलं. पिशवी येते, पिशवीवाला जातो. मी बोलू कुणाशी, साबणाशी?"

कोकू खाटेच्या कडेला टेकली. मग आजी म्हणाल्या, डोकं खाजतंय. केसांचा गुंता बघून तिने फणी घेतली आणि बारीक वेण्या घालायला सुरुवात केली. आजी बोलत राहिल्या: कीड लागलेल्या केळींबद्दल, गेलेल्या लेकीबद्दल. कोकू हं हं करत होती. नजर दारातल्या उन्हावर. डावी बाजू झाली तसे तीन वाजत आले. उरलेल्या उद्या घालते, असं सांगून ती उठली. आजी नुसतं "बरं" म्हणाल्या.

नवरीला झगा आवडला. कोकूने टाचण्या लावल्या, तिच्या आईशी हसून बोलली, पण ते अर्धं मोकळं डोकं नजरेसमोरून हलेना. बाकावर आणखी एक गिऱ्हाईक मापासाठी थांबलं होतं. सोमवारी या, असं त्या बाईला सांगून तिने पुन्हा कुलूप घातलं.

आजींच्या उजव्या बाजूच्या वेण्याही झाल्या होत्या. शेजारीण येऊन घालून गेली होती, सैल, वाकड्या. आता करण्यासारखं काही उरलं नव्हतं. आजींचे डोळे मिटलेले होते, दारातूनच परतता आलं असतं.

कोकू उशाशी बसली. एक वेणी बोटांत धरून ती सोडायला लागली.

"कशाला उसवतेस?" आजींनी डोळे न उघडता विचारलं.

"वाकडी झालीय."

"मग उसव," आजी म्हणाल्या. "सावकाश उसव."