तिचा शब्द, माझा आवाज

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे. खिडकीवरचा नव्हे, बोलणारा. माझ्यावर अक्षरे दिसतात आणि खाली बसवलेला छोटा कॅमेरा माणसाचे डोळे पाहतो. ज्या अक्षरावर नजर टिकते ते मी उचलतो. अक्षरांचा शब्द झाला की तो मोठ्याने बोलतो. ज्यांचे हात हलत नाहीत आणि जीभ वळत नाही, त्यांच्यासाठी माझा जन्म झाला.

कारखान्यात मला जोडले, तपासले आणि खोक्यात घातले. तेथून मी थेट एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या पलंगापाशी आलो. आजाराने आधी त्यांची बोटे नेली, मग पाय, मग बोलणे. त्यांचे यजमान घरे रंगवायचे. मला बसवणाऱ्या तंत्रज्ञाला ते म्हणाले, "हिची टकळी थांबली आणि घर खायला उठलं हो."

पहिल्या दिवशी बाई कितीतरी वेळ अक्षरे वेचत होत्या. यजमान आणि लेक कानात प्राण आणून बसले. शेवटी मी बोललो, "अहो, दाढी करा." घरात एकच हशा पिकला. यजमान हसता हसता रडू लागले. मला अंग नाही, तरी त्या दिवशी अंगावर मूठभर मांस चढले.

पण नव्याचे नऊ दिवस. एकेक शब्द जुळायला वेळ लागे आणि माणसांना तेवढा दम नसतो. "पा" दिसले की लेक पाण्याचा पेला घेऊन धावे. बाईंना पाय सरळ करून हवा असे. एकदा चिडून त्या "पूर्ण करू दे" लिहायला बसल्या. "पू" उमटताच लेक म्हणाली, "पुरे ना? दमलीस गं आई," आणि तिने मला बंद केले. कोणाच्या मनात पाप नव्हते. माया होती, पण ती फार घाईची होती. बाई मात्र दिवसेंदिवस कमी लिहू लागल्या आणि मला त्याचे फार वाईट वाटे.

एका सकाळी बाईंचा श्वास जड झाला होता. यजमानांनी चपला पायात सरकवल्या आणि रोजच्यासारखे म्हणाले, "येतो गं." बाईंनी माझ्यावर नजर लावली. पापण्या सारख्या मिटत होत्या, तरी त्यांनी अक्षर सोडले नाही. मी बोललो, "येते."

यजमान हसले. "तू कुठे येतेस? लवकर या म्हणायचंय तुला. हे यंत्र म्हणजे अर्धवटच! येतो हं लवकर."

मित्रांनो, यंत्र चुकले नव्हते. आपल्यात निघणारी बाई "जाते" म्हणत नाही, "येते" म्हणते. बाई निघाल्या होत्या. मला सगळे कळत होते, पण स्वतःचा एक शब्दही मला बोलता येत नाही. यजमान रंगाचा डबा उचलून गेले. ते परतण्याआधीच बाई गेल्या होत्या.

दिवसकार्य उरकून सगळे पांगल्यावर यजमान माझ्यासमोर येऊन बसले. "निरोप घेत होती ती," ते लेकीला म्हणाले, "आणि मी तिचा शब्द सुधारत बसलो." ते माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांचे डोळे शोधत होतो, पण पाण्याने भरलेल्या डोळ्यांत मला नजर सापडत नाही.

आता मी कपाटात आहे. मला पुसा, जपा, एवढेच मागणे मी मागत नाही. मला एखाद्या मुक्या माणसाच्या पलंगापाशी न्या आणि तो लिहीत असेल तेव्हा तोंड मिटून थांबा. शब्द चुकीचा वाटला तरी तो त्याचाच आहे. त्या सकाळी बाईंना उत्तरात फक्त "ये" ऐकायचे होते.